ऐरोलीच्या खाडीवर माणसांचे फोटो काढायचे तर: तिथी, टोपली आणि फोटोखालची ओळ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू ऐरोलीत राहतोस, दोन हंगाम फ्लेमिंगोंचे फोटो काढलेस, आणि आता खाडीवर जगणाऱ्या कोळी-आगरी माणसांवर आणि तिवरांवर (खाडीतल्या खारफुटीच्या झाडांवर) मोठं काम करावं असं तुझ्या मनात आहे. कॅमेरा कोणता, सुरुवात कुठून करू, लोक फोटो काढू देतील का, आणि अशा फोटोंनी खाडी खरंच वाचते का, असे चार प्रश्न तू विचारलेस. मी ठाण्यात वाढले. गेली बावीस वर्षं या खाडीच्या दोन्ही काठांवर हेच काम करते आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात. एकटा फोटो, कितीही सुंदर असला तरी, खाडीच्या फारसा कामाला येत नाही. लोक बघतात, हळहळतात, पुढे जातात. कामाला येते ती फोटोंची माळ: तीच जागा, तीच माणसं, तारखेसकट, वर्षानुवर्षं. म्हणजे तुझी खरी गुंतवणूक कॅमेऱ्यात नाही, फेऱ्यांमध्ये आहे. महिन्यातून दोनदा, निदान तीन वर्षं जायची तयारी असेल तरच यात पड. एवढा वेळ नसेल तर फ्लेमिंगोंचेच फोटो काढ, त्यातही आनंद आहे, आणि कोणाच्या दारात जाऊन अपेक्षा निर्माण करण्याचं ओझं त्यात नाही.

आता सुरुवात. ती तिथीपासून कर. खाडीवरचं काम घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतं, आणि पाणी चंद्रावर. आपल्याकडे कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा अदमास आहे, मोबाइलवर भरतीची कोष्टकं मिळतात तीही बघ, पण ती मुंबई बंदराची असतात. आत ऐरोली-विटाव्याकडे पाणी थोडं उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. किती उशिरा, ते बांधावरच्या माणसाला विचार.

यातून फोटो काढणाऱ्याला काय मिळतं ते बघ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भर दुपारी आणि मध्यरात्री पाणी काठाला टेकतं, आणि ओहोटी बरोबर पहाटे आणि सूर्यास्ताच्या आसपास येते. म्हणजे चिखलाचं मैदान जास्तीत जास्त उघडं पडतं तेव्हाच उजेडही तिरपा आणि मऊ असतो. चिंबोऱ्या (खेकडे) पकडणारे, निवटे (चिखलातले मासे) धरणारे, कालवं काढणाऱ्या बायका, आणि तुझे फ्लेमिंगो, सगळे त्याच वेळी चिखलात उतरलेले असतात. उलट अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी: भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, आणि ती ओहोटीही टळटळीत दुपारी. त्या दिवसांत जाळी विणणं, होडीला डांबर लावणं, घरातल्या गप्पा. कोणत्या दिवशी काय बघायला मिळेल हे एकदा कळलं की तू निम्मी लढाई जिंकलास, कारण मग तू लोकांच्या वेळेला तिथे असतोस. रविवारी सकाळी आठ वाजता कॅमेरा लटकवून आलेला आणि पंचमीच्या अडनिड्या वेळी बांधावर बसलेला, यांच्यात कोळीवाडा बरोबर फरक करतो.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत कॅमेरा पिशवीत ठेव. हे मी सवयीने सांगत नाही, त्यामागे इथला इतिहास आहे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि त्यासाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली. १९८४च्या जानेवारीत जमीन गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. खाडीकाठच्या गावांत हे सगळं शाळेच्या पुस्तकातून आलेलं नाही, घरातून आलेलं आहे. अनोळखी माणूस ट्रायपॉड घेऊन बांधावर उभा राहिला की पहिला विचार जमिनीच्या मोजणीचा येतो. घणसोलीला माझ्या पहिल्या वर्षी एका काकांनी सरळ विचारलं होतं, "कोणाची मोजणी करताय मॅडम?" मी फोटो काढते म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "फोटो काढून झाल्यावर आमची जागा कुठं जाणार?" या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार असलं पाहिजे. मी काय करते, कशासाठी, कुठे दाखवणार, त्यातून मला पैसे मिळणार का, हे सगळं आपणहून सांगायचं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

आता ती गोष्ट, जी मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका पहाटे मी खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर होते. धुकं होतं, आणि तिवरांतून एक आजी डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन बाहेर आली. वाळलेल्या, गळून पडलेल्या काटक्या, चुलीसाठी. गुडघ्यापर्यंत चिखल, कासोट्याचं लुगडं वर खोचलेलं, आणि एका हातात चपला. फोटो फार चांगला आला. मी तो शहरातल्या एका प्रदर्शनाला पाठवला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "तिवरांतून परतताना". आयोजकांनी पाटी बदलली. प्रदर्शनात तो फोटो "तिवरांची कत्तल" या नावाखाली लागला. चार दिवस लागला होता. पाचव्या दिवशी मला कळलं, मी पाटी उतरवून घेतली, पण तोवर आजीच्या नातवाने तो पाहिला होता. मी माफी मागायला गेले तेव्हा आजी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मी चोर हाय का गं?" त्यापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

चूक पाटी बदलणाऱ्यांची होती तशी माझीही होती. मी दोन शब्दांत भागवलं, आणि रिकाम्या जागेत दुसऱ्याने आपलं म्हणणं भरलं. तेव्हापासून फोटोखालची ओळ मी फोटोइतक्याच मेहनतीने लिहिते. त्यात तारीख, वेळ, पाणी चढतं की उतरतं, जागेचं गावातलं नाव, माणूस काय करतो आहे ते त्याच्याच शब्दांत, आणि हे मला कोणी सांगितलं, एवढं असतं. ती ओळ फाइलच्या प्रतीच्या मेटाडेटातही (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीतही) भरते, म्हणजे ती प्रत न दाबता पाठवली की ओळ बरोबर जाते. आणि ज्याचा फोटो आहे त्याला ती मोठ्याने वाचून दाखवते. अर्ध्या वेळा तिथेच दुरुस्ती होते. मी "मासेमारी" लिहिलेलं असतं, समोरचा म्हणतो, "मासेमारी कसली, मी पाग टाकतोय." मग पाग (फेकायचं जाळं) लिहायचं. उघाडी (बांधातलं पाण्याचं दार), खाजण, कांदळ, चिपी, मारंडी (खारफुटीतली झाडं), बोक्शी (एक जाळं) हे शब्द वहीत उतरवून घे. ते बोलणारी पिढी सत्तरीत आहे.

संमतीबद्दल तू विचारलंस. संमती एकदा घेऊन संपत नाही. जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण तुला माहीत असेल. रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे तिथल्या मच्छीमार कुटुंबांवर जे संकट कोसळलं, ते युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ या छायाचित्रकार दांपत्याने १९७१पासून तीन वर्षं तिथेच राहून टिपलं. आईने आजारी मुलीला न्हाणीत मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो जगभर गेला. मुलगी पुढे वारली, आणि तिचं चित्र असं सतत फिरत राहणं घरच्यांना सोसवेना. तेव्हा १९९८मध्ये आयलीन स्मिथ यांनी आईवडिलांच्या इच्छेचा मान ठेवून तो फोटो पुन्हा छापायला देणं थांबवलं. प्रदूषणाविरुद्धच्या लढ्यातलं सगळ्यात ताकदीचं चित्र, आणि तेही मागे घेता येतं, घ्यावं लागतं. माझ्याकडेही असे अकरा फोटो आहेत जे मी आता कुठेच देत नाही. एकीच्या नवऱ्याचं निधन झालं, एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एकाला नुसतं नको वाटलं. कारण विचारायचं नसतं.

त्याच ओघात, खाडीतल्या जागांबद्दल सावध राहा. चांगली चिंबोरी कुठे मिळते हे घराघरातलं गुपित असतं. बाहेर द्यायच्या प्रतीतलं लोकेशन काढून टाक. शिवाय तिवरांच्या आत, अभयारण्याच्या हद्दीत कोण कुठे उभा आहे हे तुझ्या फोटोवरून कोणीही सिद्ध करू शकतं, आणि त्याचा त्रास तुला होणार नाही, त्या माणसाला होईल.

आता विषय. नवीन माणूस आला की हमखास तीन फोटो काढतो: सूर्यास्तात होडी, सुरकुतलेला चेहरा, आणि कचऱ्यावर बसलेला बगळा. तेही काढ, म्हणजे मनातून जातील. मग रोजच्या कामाकडे वळ. माझ्या बावीस वर्षांत मला सगळ्यात उपयोगी पडलेली कल्पना अगदी साधी आहे, ती तुला देते. एक मावशी ओहोटीला चिखलात उतरते आणि पाणी चढायला लागलं की परत येते. परत आली की मी तिला विचारून तिची टोपली एका पांढऱ्या प्लास्टिकवर ओतते, शेजारी शाळेतली फूटपट्टी ठेवते आणि सरळ वरून एक फोटो काढते. दर पौर्णिमेला, आठ वर्षं झाली. मूठभर कोळंबी, पाच-सहा निवटे अजून शेपट्या आपटत असलेले, दोन चिंबोऱ्या नांग्या सुतळीने बांधलेल्या, एखादी बोई. आणि त्यातच गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटलीचं झाकण, एकदा आख्खी दुधाची पिशवी, छापलेली तारीख वाचता येईल अशी. मावशी कचरा डाव्या बाजूला सारते आणि मासळी उजव्या, हातांना सवयच झालीय. मी दोन्ही बाजू फोटोत ठेवते. ते फोटो ओळीने लावले की समोरचा माणूस गप्प होतो, कारण चिंबोरीची रुंदी फूटपट्टीवर मोजता येते आणि डाव्या बाजूचा ढीगही दिसतो. मावशीलाच एकदा सगळे दाखवले तर तिने बोट ठेवून सांगितलं की या महिन्यात वरून रंगीत पाणी आलं होतं, या महिन्यात बांधाची उघाडी तुटली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने साठच्या दशकापासून या खाडीच्या शेजारी आहेत, आणि पाण्याची नोंद सरकारी यंत्राआधी तिच्या टोपलीत होत आली आहे.

दुसरं काम ठरलेल्या जागेवरून. बांधावरचा एखादा दगड, पुलाचा खांब, असा एक बिंदू निवड आणि दर महिन्याला त्याच तिथीला, तेवढ्याच पाण्याला, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने एक फोटो. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. बाहेरून भराव पडला किंवा भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली की ती मुळं गुदमरतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. कुऱ्हाड लागतच नाही, म्हणून तोडल्याचा पुरावाही नसतो. महिन्याच्या ओळीत मात्र दिसतं: आधी राडारोड्याचे दोन ढीग, मग साचलेलं हिरवं पाणी, मग पिवळी पानं.

असा पुरावा कधी ना कधी लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात तिवरांचा नाश हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. पण न्यायालयात फोटो चालायचा तर मूळ फाइल हवी. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४पासून लागू झाला. त्याच्या ६३व्या कलमाखाली डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समज. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल न उघडता एका वेगळ्या ड्राइव्हवर जशीच्या तशी ठेव आणि हॅश त्याच दिवशी काढून वहीत लिही. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दाबला जातो, त्यातली माहिती गळते. तक्रारीला तो कच्चा ठरतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हेही बघ. माझी एक आख्खी मालिका घड्याळ दोन दिवस मागे असल्यामुळे वादात पडली होती.

एक गोष्ट मात्र मनमोकळेपणाने बघ. तिवर वाढलं म्हणजे सगळं चांगलं, असं धरून जाऊ नकोस. खाडीच्या वरच्या भागात गाळ साचत गेला आणि त्या गाळावर तिवर पसरलं. तिथला कोळी म्हणतो की तिवराने माझं बंदर बुजवलं, होडी काढायला वाट उरली नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांशी बोल. १६ एप्रिल १८५३ला ठाण्यात पहिली आगगाडी आली, कोळीवाडा त्याच्याही आधीचा, आणि आज तिथल्या कितीतरी पोरांना खाडी पुलावरून जातानाच दिसते. तिवर वाचलं पाहिजे असं मी ठामपणे मानते. पण ज्याची होडी गाळात रुतलीय त्याचं म्हणणं माझ्या कामात नसेल तर ते काम खोटं आहे. दोघांचेही फोटो लाव, शेजारी शेजारी.

फ्लेमिंगो सोडू नकोस, ते याच गोष्टीचा भाग आहेत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता) मिळाला, साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राला. भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर येऊन थांबतात. तिथे पाणी यायची वाट बंद झाली तर इकडचं अभयारण्य अर्धवट राहतं. हे चक्र एकाच दिवसात दोन्ही ठिकाणी टिपून बघ, चांगली मालिका होईल. मात्र होडी थव्यात घालून उडवलेले फोटो काढू नकोस. उन्हाळ्यात ते परतीच्या प्रवासासाठी खात असतात. रंगही वाढवू नकोस: छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) जेवढा गुलाबी आहे तेवढा पुरे. आणि अभयारण्याच्या आत फोटो काढायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८व्या कलमाखाली परवाना लागतो, ऐरोलीला वनविभागाचं केंद्र आहे तिथे चौकशी कर.

कॅमेऱ्याचं उत्तर छोटं आहे. आहे तो चालेल. ३५ मिलिमीटरची एक लेन्स घे, तिने तुला माणसाच्या जवळ जावं लागेल, म्हणजे आधी बोलावं लागेल. पक्ष्यांची लांब लेन्स माणसांवर रोखू नकोस. ओला चिखल आणि आकाश दोन्ही चकाकतात, त्यात चेहरे काळे पडतात, म्हणून उजेड चेहऱ्यावर मोज. घरी आल्यावर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने सगळं पुस, मग कोरडं कर, आणि सिलिका जेलसकट डब्यात ठेव. खारी हवा आणि पावसाळा मिळून लेन्समध्ये बुरशी आणतात. चिखलात चपला रुततात, अनवाणी जायचं तर कालवांची धार पाय कापते. कोणाच्या तरी पाठोपाठ, त्याच्याच पावलांवर पाय देत जा. ड्रोन नको. पक्षी बिथरतात, विमानतळामुळे परवानगीचा घोळ आहे, आणि वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

प्रत्येक फेरीला मागच्या फेरीतले छापील फोटो घेऊन जा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, कागदावरचा देव्हाऱ्याशेजारी लागतो. मागे, खाली, तारीख लिहून दे. आणि पहिलं प्रदर्शन शहरातल्या गॅलरीत लावू नकोस, वाड्यातच लाव, जाळी वाळत घालतात त्या बांबूंवर सुतळीने बांधून. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी लावलंस तर सगळा गाव बघेल. चुका तिथेच निघतात, आणि कोणता फोटो काढून टाकायचा तेही तिथेच ठरतं.

ठाण्याजवळच्या डोंगरातल्या येऊरच्या पाड्यांबद्दलही तू एक ओळ लिहिली होतीस. ते वेगळं काम आहे, तिथला हंगाम, जंगल, बिबट्या आणि वारली माणसं यांची घडी निराळी. एकावेळी एकच कर.

तुझ्या घरापासून दिवा कोळीवाडा जवळ आहे. येत्या पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उजाडायच्या आधी, जेट्टीवर जाऊन बस. होड्या आल्या की मासळी विकत घे, नाव विचार, नाव सांग. कॅमेरा घरी राहू दे. मावशीच्या टोपलीची आठ वर्षांची फाइल बघायची असेल तर ठाण्याला ये. फक्त पौर्णिमा सोडून कधीही, त्या दिवशी मी बांधावर असते.